छोट्या खोलीसाठी स्टिरिओ सिस्टिम कशी निवडावी

फोनवर किंवा एखाद्या ब्लूटूथ स्पीकरवर गाणी ऐकायची सवय असलेला माणूस पहिल्यांदा नीट मांडलेल्या दोन स्पीकरांसमोर बसतो, तेव्हा त्याला एक गोष्ट लगेच जाणवते. गायकाचा आवाज डाव्या स्पीकरमधून येत नाही, उजव्यातूनही येत नाही. तो दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून येतो. हार्मोनियम जरा डावीकडे, तबला जरा उजवीकडे आणि गाणारा समोर. स्टिरिओ म्हणतात ते हेच. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन याने १९३१ साली डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५८च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, आणि तेव्हापासून घरात गाणं ऐकायची मूळ मांडणी तीच राहिली आहे: दोन स्पीकर, त्यांच्यात अंतर, समोर ऐकणारा.

त्यासाठी कमरेएवढे स्पीकर किंवा कपाटभर यंत्रं लागत नाहीत. बुटांच्या खोक्याएवढे दोन स्पीकर आणि एक छोटा ॲम्प्लिफायर पुरतो. मात्र छोट्या सिस्टिमकडून काय मागायचं आणि काय सोडून द्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. मधल्या सुरांचा खरेपणा मागा, म्हणजे माणसाचा आवाज, तारवाद्यं, बासरी, पियानो. छाती हादरवणारा बास मागू नका. तो द्यायचं वचन देणाऱ्या बहुतेक छोट्या सिस्टिम त्या नादात बाकी सगळं बिघडवतात.

पायरी १: आधी जागा मोजा

दुकानात जायच्या किंवा ऑनलाइन शोधायच्या आधी टेप घेऊन तीन मापं काढा. स्पीकर ठेवायच्या दोन जागांमधलं अंतर, तिथून तुमच्या बसायच्या जागेचं अंतर, आणि स्पीकरच्या मागे भिंतीपर्यंत किती जागा सुटते ते.

पहिली दोन मापं साधारण सारखी आली तर उत्तम. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ही सगळ्यात भरवशाची सुरुवात. टेबलावर काम करता करता ऐकायचं असेल तर हा त्रिकोण ८० सेंटिमीटर ते एक मीटरचा होईल, बैठकीच्या खोलीत दोन ते अडीच मीटरचा. टेबलाजवळ ऐकणाऱ्याला चार इंची वूफरचे (म्हणजे खालचे आणि मधले सूर वाजवणाऱ्या शंकूचे) स्पीकर छान पुरतात. अडीच मीटरवरून ऐकणाऱ्याने पाच ते साडेसहा इंची वूफरकडे बघावं.

तिसऱ्या मापाकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत. स्पीकरच्या पेटीला हवा बाहेर जायला एक भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. ते मागच्या बाजूला असेल आणि स्पीकर भिंतीला टेकवून किंवा पुस्तकांच्या कप्प्यात कोंबून ठेवणार असाल, तर बास फुगतो आणि गढूळ होतो. मागे वीतभरही जागा नसेल तर पोर्ट समोर असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा स्पीकर शोधा. हे आधी ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

दोन स्पीकर वेगवेगळे ठेवायला जागाच नसेल, तर तेही इथेच मान्य करा. मग एका डब्यातला चांगला वायरलेस स्पीकर घ्या. त्यात दोन्ही वाहिन्यांचे स्पीकर एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात, त्यामुळे समोर पसरलेलं चित्र उभं राहत नाही. त्यावर ‘स्टिरिओ’ लिहिलेलं असलं तरी त्याच्याकडून ती अपेक्षा नको.

पायरी २: कोणत्या प्रकारची सिस्टिम

दोन स्पीकर ठेवणार असाल तर तीन रस्ते आहेत.

पहिला मायक्रो सिस्टिमचा. छोटा मुख्य संच, त्यात रेडिओ, ब्लूटूथ, बऱ्याचदा सीडी, आणि सोबत दोन स्पीकर. सगळं एका खोक्यात येतं, एक रिमोट, जोडाजोड नाही. यातल्या काही खरोखर चांगल्या वाजतात. पण बहुतेकींमध्ये खर्च डिस्प्ले आणि बटणांवर झालेला असतो आणि स्पीकर हलके, पोकळ निघतात. अशा सिस्टिमचा स्पीकर हातात घ्या. पेटीच्या बाजूवर बोटाच्या पेराने टकटक करा. भरीव, आखूड आवाज आला तर ठीक. रिकाम्या डब्यासारखा घुमला तर गाणं वाजतानाही ती भिंत घुमणारच. शिवाय स्पीकरची वायर मागून सुटी करता येते का ते बघा. येत असेल तर पुढे फक्त स्पीकर बदलून सिस्टिम सुधारता येईल.

दुसरा रस्ता, ॲम्प्लिफायर आतच बसवलेल्या स्पीकरांच्या जोडीचा. यांना पॉवर्ड किंवा ॲक्टिव्ह स्पीकर म्हणतात. फोन, कॉम्प्युटर किंवा टीव्ही थेट जोडायचा आणि वाजवायचा. जागा सगळ्यात कमी लागते, आणि ॲम्प्लिफायर त्याच स्पीकरसाठी बनवलेला असल्याने जुळवाजुळवीची चिंता नसते. खऱ्या अर्थाने ॲक्टिव्ह असलेल्यांत वूफर आणि वरचे सूर वाजवणारा ट्वीटर यांना वेगवेगळे ॲम्प्लिफायर असतात. अनेकांत आवाजाची आखणी आतल्या चिपवर केलेली असते, त्यामुळे छोट्या पेटीतूनही हळू आवाजात आश्चर्य वाटावं इतका बास निघतो. आवाज खूप वाढवला की तीच चिप स्पीकर वाचवण्यासाठी बास मागे खेचते. उणीव एवढीच की आतला ॲम्प्लिफायर बिघडला तर स्पीकरच बंद पडतो.

तिसरा रस्ता साध्या, म्हणजे पॅसिव्ह बुकशेल्फ स्पीकरांचा आणि वेगळ्या छोट्या ॲम्प्लिफायरचा. हल्ली क्लास डी प्रकारचे ॲम्प्लिफायर एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढे असतात, फार तापत नाहीत आणि छोट्या खोलीला पुरून उरतात. दोन डबे, थोड्या वायरी, पण प्रत्येक वस्तू वेगळी बदलता येते. नीट वापरलेले चांगले पॅसिव्ह स्पीकर वीस-वीस वर्षं वाजतात. तेवढ्या काळात गाणं घरात येण्याची तऱ्हा दोन-तीनदा बदलून जाते.

मला विचाराल तर टेबलासाठी दुसरा रस्ता आणि खोलीसाठी तिसरा. तिसऱ्यात निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरांवर घाला. आवाजाचा स्वभाव स्पीकर आणि खोली ठरवतात. बऱ्यापैकी बनवलेल्या दोन ॲम्प्लिफायरांमधला फरक त्यापुढे फार लहान असतो.

पायरी ३: स्पीकर ओळखायला शिका

निवडीचा जीव इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

आवाज म्हणजे हवेची हालचाल. सूर जितका खाली, तितकी जास्त हवा ढकलावी लागते. तोच आवाज एक सप्तक खाली तेवढ्याच जोराने काढायचा असेल तर वूफरला चौपट हवा हलवावी लागते. चार-पाच इंची कागदी किंवा प्लास्टिकच्या शंकूला हे किती जमणार याला मर्यादा आहे. त्यात पेटी लहान म्हणजे आतली हवा ताठ, ती शंकूला मागे-पुढे होऊ देत नाही. म्हणूनच स्पीकर बनवणाऱ्यांत एक जुना नियम आहे: लहान पेटी, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तिन्हीपैकी दोनच मिळतात. तिसरं सोडावं लागतं. पेटी लहानच हवी हे आपण ठरवलेलं आहे, म्हणजे उरलेल्या दोनांत तडजोड आली.

ही तडजोड शहाणपणाने कशी करतात याचं एक नामांकित उदाहरण आहे. १९७०च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांना बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मावेल असा छोटा स्पीकर हवा होता. मुख्य काम निवेदकांचे आणि गायकांचे आवाज अचूक पारखण्याचं. त्यातून एलएस३/५ए नावाचा, जेमतेम १२ इंच उंचीचा स्पीकर तयार झाला. खोल बास त्यात नव्हताच. त्याऐवजी शंभर हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या) जरा वर थोडा उठाव ठेवला होता, जेणेकरून कानाला पोकळी जाणवू नये. थोडक्या वॉटमध्ये तो मोठा वाजतही नसे. पण माणसाचा आवाज त्यावर इतका खरा उमटायचा की काम संपल्यावरही लोकांनी तो घरात ठेवायला घेतला आणि आजही त्याच आराखड्याचे स्पीकर बनतात. छोट्या स्पीकरने काय करावं, याचा मला पटलेला नमुना हाच.

खोल बास सोडला म्हणजे नेमकं काय सुटतं? माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. पाच इंची वूफरचा चांगला बुकशेल्फ स्पीकर ५५ ते ६५ हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरतो. पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झची, बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. या दोन्हींचा मूळ स्वर पूर्ण येणार नाही, त्यांच्यावरचे उपस्वर मात्र येतील आणि मेंदू बराचसा सूर त्यावरून ओळखतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. तो अशा स्पीकरवर जवळजवळ पूर्ण मिळतो. म्हणजे गायन, गझल, वाद्यसंगीत, नाट्यसंगीत, जुनी चित्रपटगीतं ऐकणाऱ्याचं फारसं काही सुटत नाही. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत आणि ऑर्गन ऐकणाऱ्याचं मात्र सुटतं. त्याच्यासाठी शेवटची पायरी आहे.

आता कागदावरचे आकडे. ‘४० ते २०,००० हर्ट्झ’ असं नुसतंच लिहिलेलं असेल तर ते जवळपास निरर्थक आहे, कारण ४० हर्ट्झला आवाज किती पडलेला आहे ते त्यात सांगितलेलंच नाही. पुढे ‘±३ डेसिबल’ असं असेल तर तो आकडा कामाचा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप). काही कंपन्या १० डेसिबल पडल्यावरचा आकडा छापतात. म्हणून दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा हिशेब एकाच पद्धतीने केलेला आहे का, ते बघा.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे एका वॉटच्या आसपासची ताकद दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो तो. छोट्या स्पीकरांत तो साधारण ८३ ते ८८ डेसिबल असतो. तिसरा इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा: ४, ६ किंवा ८ ओहम. ४ ओहमचा स्पीकर ॲम्प्लिफायरकडून जास्त करंट ओढतो, म्हणून ॲम्प्लिफायरवर ‘४ ओहमला चालेल’ असं लिहिलेलं आहे ना, एवढं तपासा.

आणि जे आकड्यांत सापडत नाही ते. वूफर आणि ट्वीटर यांच्यात सुरांची वाटणी करणाऱ्या सर्किटला क्रॉसओव्हर म्हणतात. छोट्या टू-वे स्पीकरांत ही वाटणी बहुधा २,००० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान होते, आणि नेमका तिथेच आपला कान सगळ्यात तिखट असतो. शब्दांची स्पष्टता, गळ्याचा पोत, व्हायोलिनची धार, सगळं त्याच परिसरात. स्वस्त स्पीकरांत पैसे वाचवतात ते या सर्किटवर, आणि मग गाणाऱ्याचा आवाज नाकातून आल्यासारखा किंवा टोचरा लागतो. हा दोष कानानेच पकडावा लागतो.

पायरी ४: वॉटच्या आकड्यांना भुलू नका

‘पीएमपीओ’ असं लिहून छापलेले हजारोंचे आकडे सरळ सोडून द्या. त्यांना कसलंही पक्कं प्रमाण नाही. ‘आरएमएस’ किंवा सलग मिळणारी ताकद बघा, आणि ती किती विकृतीला मोजली आहे तेही. १० टक्के विकृतीला मोजलेले वॉट म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचे वॉट. एक टक्का किंवा त्याहून कमी विकृतीचा आकडा खरा मानावा.

किती लागतात? हिशेब करून बघू. ८६ डेसिबलचा स्पीकर, तुम्ही दोन मीटरवर. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेत ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ८०. दोन स्पीकर असल्याने सुमारे ३ वाढतात, म्हणजे ८३. खोलीच्या भिंतींमुळे यात थोडी भरच पडते. हे झालं एका वॉटला. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. २, ४, ८, १६, म्हणजे १६ वॉटला ९५ डेसिबल. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं आणि ८५ डेसिबलच्या वर तासन्‌तास ऐकणं कानांना घातक ठरतं. म्हणजे छोट्या खोलीत खरे २० ते ४० वॉट सुखाने पुरतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. ५० वॉटच्या जागी १०० वॉट घेतले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट’ वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, त्यासाठी दसपट ताकद हवी. तेव्हा वॉटसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते स्पीकरकडे वळवा.

पायरी ५: जोडण्या

तुम्ही गाणी कुठून वाजवता याची यादी करा आणि तेवढ्याच जोडण्या शोधा.

ब्लूटूथ सोयीचा आहे आणि सगळ्यांकडे आहे. त्यात आवाज दाबून पाठवला जातो. सीडीचा मूळ प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा, साध्या एसबीसी पद्धतीत तो ३३० किलोबिटच्या आसपास येतो, एलडॅक या दुसऱ्या पद्धतीत जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो. आयफोन एलडॅक वापरत नाही, तो एएसी ही पद्धत वापरतो. पार्श्वभूमीला गाणी लावायची तर हा फरक विसरून जा. शांत बसून ऐकणाऱ्याने वायफायवरून वाजणारा पर्याय बघावा. तिथे फोन नुसता रिमोटचं काम करतो, गाणं यंत्र स्वतः आणतं, आणि मधेच फोन आला तरी मैफल मोडत नाही. मात्र वायफायचं सॉफ्टवेअर काही वर्षांत जुनं होतं आणि कंपनी त्याला अपडेट देणं थांबवते. म्हणून साधी वायरची ऑक्स किंवा आरसीए जोडणी असल्याशिवाय कोणतीही सिस्टिम घेऊ नका. ती असेल तर पुढे कुठलंही नवं यंत्र जोडता येतं.

टीव्हीही जोडायचा असेल तर एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर आणणारी एचडीएमआय जोडणी) असलेला ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर घ्या, म्हणजे टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकल वायरनेही आवाज येतो, पण रिमोटची ती सोय बहुधा मिळत नाही. जोडल्यावर आवाजच आला नाही तर घाबरू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’ करा. साध्या स्टिरिओ यंत्रांना डॉल्बीचा संकेत उलगडता येत नाही.

रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट वेगळा लागतो. त्याच्या सुईतून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो, आणि तबकडी कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो तो परत भरावा लागतो. ॲम्प्लिफायरला फोनो नसेल तर छोटा फोनो प्रीअँप मधे लावा.

हेडफोनचं भोक आणि ‘सब आउट’ (पुढे सबवूफर, म्हणजे फक्त खोल बासचा वेगळा स्पीकर, जोडायची जागा) ही दोन असतील तर बरं.

पायरी ६: ऐकून निवडा

शक्य असेल तिथे प्रत्यक्ष ऐकाच, आणि स्वतःची चांगली ओळखीची गाणी घेऊन जा. दुकानातली चकचकीत डेमो गाणी कुठल्याही स्पीकरवर छान वाजावीत अशीच निवडलेली असतात.

पहिली अट, तुलना करायच्या दोन्ही स्पीकरजोड्या सारख्याच आवाजात ऐका. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज कमी असताना कानाला बास आणि ट्रेबल (वरचे, बारीक सूर) हे मधल्या सुरांच्या मानाने कमी ऐकू येतात. म्हणून जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच जास्त भरलेला वाटतो. फोनवर आवाज मोजायचं एखादं ॲप घ्या आणि दोन्ही बरोबरीला आणा. शक्य असेल तर कुठला वाजतोय हे न बघता ऐका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली दाखवून दिलं होतं की स्पीकर समोर दिसत असले की अनुभवी ऐकणाऱ्यांचेही गुण बदलतात.

मग काय ऐकायचं?

सुरुवात एकट्या माणसाच्या आवाजाने करा, कमीत कमी वाद्यं असलेल्या. डोळे मिटा. समोर तोंडाएवढ्या जागेतून कुणीतरी गातंय असं वाटतंय, की भिंतभर पसरलेला आवाज येतोय? ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरं ऐका. ती शिट्टीसारखी टोचत असतील तर तासाभरात डोकं दुखेल. अगदी बोथट येत असतील तर ट्वीटर झोपलेला आहे.

नंतर तानपुरा. छोट्या स्पीकरची इतकी सर्वांगीण परीक्षा दुसरं क्वचितच कुठलं वाद्य घेतं. खाली खर्जाचा भार आणि वर जवारीतून सुटणारे असंख्य उपस्वर, एकाच वेळी. चांगल्या स्पीकरवर तारेवरून बोट निघाल्यानंतर स्वर उमलत जातो, त्यातला गंधारही ऐकू येतो. वाईट स्पीकरवर नुसती एकसुरी भुणभुण उरते.

मग डग्गा. तबलजी मनगट दाबून पुढे सरकवतो तेव्हा डग्ग्याचा स्वर वर चढतो, ती मींड स्पष्ट ऐकू आली पाहिजे. प्रत्येक आघात एकाच उंचीवर ‘धुम्म’ असा येत असेल आणि स्वर सरकताना कळतच नसेल, तर पेटी आपलाच एक सूर लावते आहे. ‘बास भारी आहे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या सिस्टिमांत हा दोष फार वेळा सापडतो. पाश्चात्त्य संगीत ऐकत असाल तर हीच परीक्षा डबल बासवर घ्या. सरकत जाणाऱ्या ओळीतला प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा आला पाहिजे.

शेवटी खूप गजबजलेलं काहीतरी लावा, मोठा वाद्यवृंद किंवा कोरस. आवाज तुमच्या रोजच्या पातळीपेक्षा थोडा वाढवा. वाद्यं वेगवेगळी राहतात की एकात एक मिसळतात? मग आवाज अगदी कमी करा, रात्री ऐकाल तितका. शब्द अजून कळतात का? बहुतेकांचं रोजचं ऐकणं हळू आवाजातच होतं, आणि नेमकी हीच परीक्षा कुणी घेत नाही. हळू आवाजात गाणं कोमेजत असेल तर बास-ट्रेबलची बटणं किंवा ‘लाउडनेस’ची सोय असलेला ॲम्प्लिफायर घ्यावा. ती बटणं वापरण्यात काही कमीपणा नाही.

जाताना एकदा बाजूला सरकून, उठून उभं राहूनही ऐका. जागा बदलल्यावर आवाजाचा पोत फार बदलत असेल तर घरच्या भिंतींवरून येणारा परावर्तित आवाजही तसाच बिघडलेला असेल.

ऑनलाइनच घ्यायचं असेल तर परत करायची मुदत असलेलं घ्या आणि ह्याच परीक्षा घरी करा. घरी केलेली परीक्षा दुकानातल्यापेक्षा खरी.

जुनं घेणार असाल तर, पॅसिव्ह स्पीकर जुने घ्यायला हरकत नाही. वूफरच्या कडेची लवचीक गोल पट्टी बघा. ती फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत चुरा होते, रबराची बरीच टिकते. शंकू दोन्ही बाजूंनी बोटांनी अलगद, सरळ आत दाबा. घासल्याची खरखर ऐकू आली तर सोडून द्या. ॲम्प्लिफायरचं आवाजाचं बटण फिरवताना कुरकुर येते का, एक बाजू मधेच जाते का, ते ऐका. जुन्या सीडी प्लेअरच्या लेझरवर फार भरवसा ठेवू नका.

पायरी ७: घरी मांडणी

हे फुकटात होतं आणि पुष्कळ फरक पाडतं.

वायरी जोडताना लाल ते लाल, काळा ते काळा, दोन्ही स्पीकरांना सारखंच. मग मोनो आवाज लावा, एखादं बातमीपत्र चालेल. निवेदक नेमका मध्यभागी बसला पाहिजे. आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा आणि बास गायब झाल्यासारखा वाटला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या आहेत. ॲम्प्लिफायर बंद करून त्या बदला. वायर तीन-चार मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटर जाडीची, साधी तांब्याची पुरते.

ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. टेबलावर ठेवत असाल तर स्पीकर थोडे मागे कलते करा आणि खाली फोम किंवा रबर द्या, नाहीतर टेबलच वाजायला लागतं. दोन्ही स्पीकर तुमच्याकडे थोडे वळवा. गायक मध्यभागी स्पष्ट उभा राहीपर्यंत थोडं थोडं वळवत राहा.

भिंतीपासूनचं अंतर आता कानाने ठरवा. भिंतीजवळ नेलं की बास वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. पाच-पाच सेंटिमीटर पुढे ओढत एकच गाणं ऐका. पुरुषी आवाज घशात अडकल्यासारखा येत होता तो एका जागी मोकळा होतो, तिथे थांबा. पुढे ओढायला जागाच नसेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा बसवून बघा. बरेच कारखानदार तो सोबतच देतात.

तुमची बसायची जागा मागच्या भिंतीला चिकटलेली असेल तर तीही हातभर पुढे घ्या. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास हवा दोन भिंतींमध्ये झुलायला लागते आणि तिचा जोर भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो. तिथे बसून ‘बास फार घुमतो’ अशी तक्रार केली तर दोष स्पीकरचा नसतो.

फरशी उघडी आणि भिंती मोकळ्या असतील तर आवाज कर्कश होतो. स्पीकर आणि तुमच्या मधे जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा घाला. बाजूच्या भिंतीवर कुणालातरी आरसा धरून सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथून पहिलं परावर्तन येतं. तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट आलं की शब्द स्वच्छ होतात.

पायरी ८: सबवूफर, लागलाच तर

पहिल्या दिवशी घेऊ नका. दोन-तीन महिने नुसत्या दोन स्पीकरांवर ऐका. बास कमी पडतोय असं त्यानंतरही वाटलं तर छोटा, बंद पेटीचा सबवूफर घ्या आणि ८० हर्ट्झच्या आसपास जोडा. त्याखालचे सूर कुठल्या दिशेने येतात हे कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे तो बाजूला, टेबलाखाली कुठेही राहू शकतो. जागा शोधायची सोपी युक्ती अशी: सबवूफर तात्पुरता तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि ज्या ज्या ठिकाणी तो ठेवता येईल तिथे जमिनीलगत कान नेऊन ऐका. जिथे स्वर सगळ्यात सारखे आणि नेमके ऐकू येतात, तिथे सबवूफर ठेवा. आवाज शून्यापासून वाढवत न्या आणि त्याचं अस्तित्व वेगळं कळायला लागलं की किंचित मागे घ्या. मागे ‘फेज’चं बटण असेल तर ते दोन्ही बाजूंना करून बघा. ज्या बाजूला डग्गा जास्त भरीव येतो, ती बाजू कायम ठेवा.